व्हिंटेज गाडीचे ब्रेक आणि सस्पेन्शन: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या जुन्या गाडीचे ब्रेक पंधरा-वीस मिनिटं चालवली की धरून बसायचे. निघताना गाडी हलकी, वाटेत जड, आणि परतताना दुसऱ्या गिअरमध्येही कण्हत यायची. मी पुढचे व्हील सिलिंडर (चाकापाशी तेलाच्या दाबाने ब्रेक लावणारे) बदलले. फरक नाही. मागचे बदलले. फरक नाही. शू (चाकाच्या ड्रमला आतून टेकून गाडी थांबवणारे वक्र तुकडे) बदलले, स्प्रिंगा बदलल्या, दोन रविवार गेले. शेवटी कळलं की पेडल आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की नळ्यांत तेल ढकलणारा) यांना जोडणारा दांडा कुणीतरी जरासा लांब लावून ठेवला होता. लॉक नट सैल केला, दांडा दीड फेरा आत घेतला, नट कसला. पाच मिनिटांचं काम. असं का झालं होतं ते पुढे सांगतोच.

तेव्हापासून मी सामानाची यादी सर्वांत शेवटी करतो. जुन्या गाडीत दुखणं एकीकडे दिसतं आणि मूळ भलतीकडेच असतं. विशेषतः ब्रेक आणि सस्पेन्शन यांत. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते, म्हणून माणूस ब्रेक उघडतो, आणि दोष निघतो कमान (लीफ स्प्रिंग) अ‍ॅक्सलला बांधणाऱ्या सैल यू-बोल्टचा.

आधी तुमच्या गाडीत नेमकं काय आहे ते पाहा. काटेकोर बोलायचं तर व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधली गाडी, पण बोलताना आपण साठच्या दशकातल्या गाडीलाही तेच म्हणतो, आणि या चाळीस वर्षांत ब्रेक पार बदलले. ड्यूसनबर्ग मॉडेल ए मध्ये चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक १९२१ मध्येच आले होते. फोर्डने मात्र सळ्या आणि केबलवर चालणारे ब्रेक सोडून हायड्रॉलिक घेतले ते १९३९ च्या मॉडेलपासून. डिस्क ब्रेकचा बोलबाला झाला तो १९५३ मध्ये, जॅग्वार सी-टाइपने ल मांची शर्यत जिंकल्यावर. हा लेख मुख्यतः चार चाकांना ड्रम, हायड्रॉलिक नळ्या आणि कमानी असलेल्या गाडीबद्दल आहे, कारण नवख्याच्या हाती बहुधा तीच येते. सळ्यांच्या ब्रेकवाल्यांसाठी एकच गोष्ट: झिजलेल्या शूची भरपाई सळी आखडून करू नका. समायोजन चाकापाशी, शूच्या अ‍ॅडजस्टरवर करायचं. सळ्या आखडल्या की लिव्हरचे कोन बिघडतात आणि पाय कितीही दाबला तरी जोर चाकापर्यंत पोचत नाही.

पाना घेण्याआधी

गाडी सपाट जमिनीवर उभी करा. चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. एकाच अ‍ॅक्सलच्या डाव्या-उजव्या बाजूत बोटभर फरक असेल तर कमान बसली आहे. हे माप आत्ताच घ्यायचं. गाडी एकदा वर गेली की ती संधी गेली.

मग पेडलशी दोन मिनिटं बोला. पेडल खाली जातं, पण दोनदा पंप केलं की वर येतं: शू ड्रमपासून लांब गेले आहेत, समायोजन हवं. पेडल स्पंजासारखं लागतं: नळीत हवा. पाय स्थिर दाबून ठेवला तरी पेडल हळूहळू बुडतं आणि बाहेर कुठेच ओल नाही: मास्टर सिलिंडरमधला रबरी वॉशर आतल्या आत तेल सोडतोय. पाय ठेवल्यावर पेडल थरथरतं: ड्रम गोल राहिलेला नाही. गाडी एका बाजूला ओढते तेव्हा बहुतेक वेळा दोषी चाक दुसऱ्या बाजूचं असतं, कारण ते धरत नाही म्हणून गाडी धरणाऱ्या बाजूकडे वळते.

चाक जाम होत असेल तर शोध असा घ्या. जाम झालेलं असतानाच, चष्मा लावून, मास्टर सिलिंडरच्या बाहेर जाणाऱ्या नळीचा नट किंचित सैल करा. तेलाची चिळकांडी उडून चाकं मोकळी झाली तर दोष मास्टर सिलिंडरमध्ये किंवा त्या दांड्यात. काहीच झालं नाही तर नट कसा आणि त्या चाकाचा हवा काढायचा निपल सैल करा. आता मोकळं झालं तर मधली रबरी नळी आतून फुगून बंद झालेली आहे. बाहेरून ती नव्यासारखी दिसते, पण आत भोक उरलेलं नसतं. पायाच्या जोराने तेल पुढे जातं, पण मागे येत नाही. आणि निपल उघडूनही चाक हललं नाही, तर अडकलाय तो लोखंडी भाग: पिस्टन, शू किंवा हातब्रेकची केबल. हा नट आणि हा निपल मी त्या दोन रविवारांआधी सैल केले असते तर हा लेख वेगळा सुरू झाला असता.

गाडी वर घेणं

जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. खाली घोड्या लावा, त्या चेसीच्या किंवा अ‍ॅक्सलच्या मजबूत जागी टेकवा. जुन्या गाडीत मजबूत दिसणारी जागाही आतून गंजलेली असू शकते, म्हणून आधी हातोडीने ठोकून आवाज ऐका. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे अजिबात नकोत. ते वाकत नाहीत, सरळ फुटतात. घोड्या लावल्यावर गाडीला खांद्याने जोरात ढकलून पाहा. डुलली तर आत्ताच डुलू दे.

चाकाचे नट उलट्या आट्यांचे नाहीत ना, ते पाहा. जुन्या क्रायस्लर गाड्यांत आणि इतरही काहींत डाव्या बाजूच्या नटांना डावे आटे असतात. हे माहीत नसताना लांब पाइप लावून जोर काढणाऱ्यांनी कितीतरी स्टड मोडले आहेत.

दुसरी बाजू तशीच ठेवा

एका वेळी एकाच बाजूचा ड्रम उघडा. दुसरी बाजू जुळवणी होईपर्यंत तुमचं पुस्तक असते. फोटो काढाच, पण फोटोत स्प्रिंगचा आकडा शूच्या पुढून गेलाय की मागून, हे हमखास दिसत नाही.

ड्रम निघत नसेल तर आधी अ‍ॅडजस्टर पूर्ण सैल करा. ड्रमच्या आतल्या बाजूला झिजून कडा तयार झालेली असते आणि शू तिला अडकतात. अनेक ड्रमच्या तोंडावर आटे असलेली दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट घालून आळीपाळीने कसले की ड्रम स्वतःच बाहेर सरकतो. मागचा ड्रम टेपर शाफ्टवर बसवलेला असेल तर पुलर लागेल. तिथे शाफ्टचा नट पूर्ण काढू नका, चार आटे ठेवा. तो ड्रम सुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज करून सुटतो, आणि नट नसेल तर थेट अंगावर येतो.

आता धुळीचं. जुन्या लायनरमध्ये (शूवरच्या घासणाऱ्या पट्टीत) अ‍ॅस्बेस्टॉस असतं, असं धरूनच चालायचं. हवेचा पाइप मारू नका, कोरडा ब्रश फिरवू नका, फुंकर तर नकोच. चांगल्या प्रतीचा बारीक धूळ अडवणारा मास्क लावा, साबणाचं पाणी फवारून सगळं ओलं करा, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकी पिशवीत बांधून टाका. साधा कापडी रुमाल इथे कामाचा नाही.

शू, स्प्रिंगा आणि सिलिंडर दिसले की लायनर पाहा. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन, भाजून परत बसवायची जुनी रीत आहे. करू नका. गरम झाला की तो आतलं तेल पुन्हा बाहेर सोडतो. एका अ‍ॅक्सलचे सगळे शू एकत्र बदला आणि तेल कुठून आलं ते शोधा: सिलिंडरमधून आलं असेल तर ब्रेक ऑइलचा वास येईल, मागच्या चाकाला अ‍ॅक्सलच्या सीलमधून आलं असेल तर गिअर ऑइलचा. एकदा गिअर ऑइलचा वास घेतला की माणूस तो विसरत नाही.

इथेच थांबा आणि सस्पेन्शनकडे वळा

बहुतेक जण या टप्प्यावर नवे शू बसवून मोकळे होतात. मी तसं करत नाही. किंगपिन (पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती पिन), बुश (पिनभोवतीचं नळीसारखं अस्तर), कमानी यांचं काम म्हणजे हातोडा, ग्रीस आणि गंजाचा चुरा. नवे लायनर त्याच्या खाली ठेवायचे कशाला? सस्पेन्शन आधी बांधा, ब्रेक त्यावर शेवटी चढवा.

पुढचं चाक हवेत असताना वर आणि खाली धरून हलवा. हे मात्र दुसऱ्या, अजून न उघडलेल्या चाकावर करा. खडखड जाणवली तर मित्राला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. खडखड गेली तर ढिलाई बेअरिंगमध्ये होती. राहिली तर किंगपिन किंवा बॉल जॉइंटमध्ये. ब्रेक दाबला की ड्रम बॅकप्लेटला (ड्रममागच्या स्थिर तबकडीला) घट्ट धरला जातो, बेअरिंगचा प्ले झाकला जातो, आणि उरतो तो खरा दोषी. सस्पेन्शनमधली माझी सर्वांत आवडती चाचणी हीच.

किंगपिन बदलणं घरी निम्मंच होतं. जुनी पिन काढण्याआधी तिची आडवी कॉटर पिन काढा, नाहीतर दिवसभर ठोकत बसाल. नवे बुश दाबून बसवल्यावर वरचा आणि खालचा एकाच रेषेत रीमर मारून पिनच्या मापाचे करावे लागतात. ते मशीन शॉपचं काम आहे. हाताने, एकेक बुश वेगळा रीमर केला की स्टिअरिंग जड होतं आणि वळणानंतर चाक परत सरळ येत नाही. ग्रीस मारताना चाक हवेत असू द्या. वजन टेकलेलं असताना जिथे दाब येतो तिथेच ग्रीस शिरत नाही. काही गाड्यांत मात्र ग्रीस नकोच असतं. ट्रायम्फ हेराल्ड आणि स्पिटफायरच्या पुढच्या खालच्या ट्रनियनमध्ये (चाक ज्यावर वळतं त्या आटेदार सांध्यात) ईपी ९० गिअर ऑइल घालायचं असतं. ग्रीस भरून ठेवलं की आटे कोरडे राहून झिजतात आणि एके दिवशी चाक आडवं होतं. आपल्या गाडीचं मॅन्युअल मिळवा, लूब्रिकेशनचं पान आधी वाचा.

कमान म्हणजे एकावर एक रचलेले पोलादी पाटे. गाडीचं वजन पेलण्याबरोबर ती अ‍ॅक्सलला जागेवर धरून ठेवायचं कामही करते, हे नवखे विसरतात. पाटे मधोमध सेंटर बोल्टने बांधलेले असतात आणि त्या बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलवरच्या खळग्यात बसतं. तो बोल्ट तुटला किंवा यू-बोल्ट सैल पडले, की ब्रेक मारताना अ‍ॅक्सल सरकतो आणि गाडी आपोआप वळते. सुरुवातीला म्हटलेली डावीकडची ओढ ती हीच.

कमान काढण्याआधी तीन-चार दिवस रोज सगळ्या नट-बोल्टांना गंज सोडवणारं तेल मारत राहा. चेसी घोड्यांवर, अ‍ॅक्सल वेगळ्या जॅकवर, आणि अ‍ॅक्सल कधीही ब्रेकच्या रबरी नळीवर लटकू द्यायचा नाही. कमान खाली आली की शिकंजात मोठ्या सी-क्लॅम्पने दाबून धरा, मग सेंटर बोल्ट काढा आणि क्लॅम्प हळूहळू सोडा. पाटे वेगवेगळ्या वाकाचे असतात, नुसताच बोल्ट काढला तर ते उसळतात. वेगळे झालेले पाटे वायर ब्रशने साफ करा. मुख्य पाट्याची दोन्ही टोकांची डोळी आणि सेंटर बोल्टच्या भोकाभोवतीची जागा भिंगाखाली पाहा, चीर तिथेच येते. चीर असेल तर तो पाटा भंगारात. वेल्डिंग करून चालत नाही, वेल्डच्या शेजारचं पोलाद ठिसूळ होतं. प्रत्येक पाट्याच्या टोकाने वरच्या पाट्यात खणलेला खड्डा असेल तर कडा घासून गुळगुळीत करा. ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात द्या, मूळ कमानीत मध्ये पट्ट्या असतील तर त्या तशाच ठेवा. बसलेली कमान थंडच ठोकून वर आणणारे भेटतात. ती थोड्याच दिवसांत पुन्हा बसते. वाक द्यायचा तर उष्णता-प्रक्रियेसह, आणि दोन्ही बाजूंच्या कमानी जोडीनेच.

यू-बोल्ट नवेच घ्या. एकदा ताणलेल्या बोल्टचे आटे पुन्हा भरवशाचे नसतात.

आता बुश. मी इथे तोंडघशी पडलोय. रबर आणि लोखंडी नळी एकजीव असलेले नवे बुश मी गाडी घोड्यांवर, कमानी लोंबकळत असताना कसून बसवले. काम देखणं झालं. गाडी खाली उतरवली, वजन आलं, कमानी वर सरकल्या आणि ते सगळे बुश त्याच क्षणी पीळ पडून बसले. काही आठवड्यांत रबर फाटलं. असे बुश आधी नुसते हाताने घट्ट करायचे, गाडी चाकांवर उभी करायची, चार वेळा दाबून हलवायची, मग त्या नैसर्गिक उंचीला शेवटचं कसायचं. यू-बोल्टचंही तेच, फक्त ते तिरके तिरके, थोडे थोडे कसत जा.

पुढे कॉइल स्प्रिंग असेल तर मला थोडं कडक बोलू द्या. दाबलेल्या कॉइल स्प्रिंगमध्ये हाडं मोडण्याइतका जोर साठलेला असतो. त्या गाडीसाठी सांगितलेला कॉम्प्रेसर हाती नसेल तर त्या दिवशी ते काम करू नका. काही गाड्यांत चाक खाली जायची मर्यादा शॉकअपच ठरवतो. तो काढला की स्प्रिंग सुटून येते. मॉरिस मायनर आणि एमजीबी यांत तर पुढच्या लिव्हर शॉकअपचा हातच वरचा विशबोन (चाकाला वरून धरणारा हात) असतो. तो नुसता शॉकअप समजून काढला की हब बाहेर कलंडतो.

लिव्हर शॉकअपमधलं तेल कमी झालं की लोक त्यात हाताला येईल ते तेल ओततात. शॉकअपचंच तेल घाला. झाकणाभोवती आधी नीट साफ करा, आतल्या झडपांना वाळूचा एक कण पुरतो. तेल घातल्यावर हात वरखाली पूर्ण फिरवून हवा काढा. दोन्ही दिशांना एकसारखा, न अडखळता विरोध लागला पाहिजे. शाफ्टपाशी गळत असेल तर दुरुस्तीला द्या. टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्या) असतील तर काढण्याआधी डावा-उजवा अशी पेंटने खूण करा. वापरलेला बार एका दिशेच्या पिळाला सरावलेला असतो, बाजू बदलली की तुटायचा धोका.

पुन्हा ब्रेककडे: सिलिंडर

अडकलेला पिस्टन काढायला कॉम्प्रेसरची हवा लावू नका, गोळीसारखा सुटतो. नळ्या काढण्याआधी गाडीच्याच पेडलने, हळूहळू दाबून बाहेर आणा. खाली भांडं ठेवा. तेवढा दाब नळ्यांत येत नसेल तर निपलच्या जागी जोडणी लावून ग्रीस गनने ढकला, ग्रीस नंतर काळजीपूर्वक साफ करा.

सिलिंडर मेथिलेटेड स्पिरिटने धुवा आणि उजेडापुढे धरा. आत आरसा दिसला तर नशीब. बारीक ठिपके असतील तर नख फिरवा: नख अडकत नसेल तर होन (आतून घासायचं हत्यार) दोन-चार वेळा फिरवून चालेल, अडकत असेल तर सिलिंडर बदला किंवा आत स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह घालून घ्या. खड्डा घासून घालवायच्या नादात भोक मोठं होतं, आणि नवा वॉशरही गळतो. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, साधं ग्रीस यांतलं काहीही ब्रेकच्या रबराजवळ आणू नका. ते रबर खनिज तेलाने फुगतं. जुळवताना रबराला ब्रेक ऑइल किंवा लाल रबर ग्रीस लावा. वॉशरची ओठासारखी कड तेलाच्या बाजूला, हे दोनदा तपासा.

पुढे दोन-दोन सिलिंडर असलेली बॅकप्लेट डावी-उजवी वेगळी असते. या रचनेत दोन्ही शू ड्रम फिरतो त्याच दिशेला उघडतात, त्यामुळे ड्रमच त्यांना आणखी आत ओढतो आणि कमी जोरात जास्त ब्रेक लागतो. बाजू बदलली तर ब्रेक चांगले लागतात, पण मागे जाताना! अमेरिकी धाटणीच्या, दोन शू खाली एकमेकांना जोडलेल्या ब्रेकमध्ये आखूड लायनरचा शू पुढच्या बाजूला येतो. लांब तो पुढे, असं मनाला वाटतं. मनाचं ऐकू नका.

ड्रममध्ये चीर असेल तर तो भंगारात. ओरखडे असतील, किंवा तो लंबगोल झाला असेल, तर लेथवर घासून घ्यायचा, पण ड्रमवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या कमाल व्यासाच्या आत राहून. घासल्यावर ड्रम मोठा होतो, नव्या लायनरची गोलाई त्याला जुळत नाही आणि लायनर फक्त मध्यावर टेकतो. लायनरवर खडूच्या रेघा ओढा, ड्रम चढवून थोडा ब्रेक लावत फिरवा, उघडून पाहा. जिथे रेघ पुसली तिथेच लायनर टेकतो. मधलाच पट्टा पुसला असेल तर शू ड्रमच्या गोलाईला घासून घ्यावे लागतील.

बॅकप्लेटवर शू जिथे घासतात तिथे उंचवटे असतात. त्यांत खाच पडली असेल तर भरून सपाट करा, मग उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचा नखाएवढा थेंब. जास्त नाही. लायनरला बोटही लावायचं नाही. मी शूवर कागदी टेप चिकटवतो आणि ड्रम चढवण्याआधी काढतो. एकदा काढायची विसरलो होतो, ते असो.

तो एक मिलिमीटर

मास्टर सिलिंडरमध्ये टाकीकडे जाणारं सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. पाय काढलेला असताना ते उघडं हवं. ब्रेक तापले की तेल फुगतं आणि फुगलेलं तेल या भोकातून टाकीत परत जातं. दांडा लांब असेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, वॉशर त्या भोकावरच बसून राहतो, तेलाला परतीची वाट उरत नाही आणि शू ड्रमला टेकून राहतात. टेकले की आणखी तापतात, तापले की तेल आणखी फुगतं. माझी गाडी म्हणून कण्हायची. दांडा आणि पिस्टन यांच्यात मॅन्युअलमध्ये सांगितलेली फट ठेवा, साधारण एक मिलिमीटर. पेडलला बोटाने ढकललं की आधी किंचित मोकळं हललं पाहिजे. शिवाय पेडलची स्वतःची परत खेचणारी स्प्रिंग दमलेली असेल तरी तोच आजार होतो.

नळ्या आणि तेल

लोखंडी नळ्या गंजलेल्या असतील तर सगळ्या बदला. तांबे-निकेल मिश्रधातूची नळी गंजत नाही आणि हाताने छान वाकते. नळीचं टोक फुलवण्याआधी (फ्लेअर करण्याआधी) नट नळीवर चढवा. सगळे विसरतात, मीही. जुन्या इंची आट्यांचा तीन अष्टमांश यूएनएफ नट आणि मेट्रिक १० मिलिमीटरचा नट दिसायला जवळजवळ सारखे. एकमेकांत दोन फेरे जातातही, मग अडतात किंवा आटे खातात. हाताने शेवटपर्यंत न जाणारा नट पान्याने कसू नका.

रबरी नळ्या सर्व नव्या. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पाहा, नळी पिळलेली नको, कुठे घासायला नको.

तेलाबद्दल एक गैरसमज. आपण म्हणतो ब्रेक ऑइल, पण ते खनिज तेल नसतंच. डॉट ३ आणि डॉट ४ हे ग्लायकॉलवर आधारलेले द्रव आहेत. नाव ऐकून टाकीत इंजिन ऑइल ओतणारे आहेत, आणि मग गाडीतलं एकूण एक रबर बदलावं लागतं. उलट सिट्रोएन डीएसच्या नंतरच्या गाड्यांना हिरवं खनिज तेलच लागतं, तिथे ग्लायकॉल विष. ग्लायकॉल हवेतलं पाणी शोषतं: नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी मुरलेल्याचा १५५. म्हणून दर दोन वर्षांनी बदला आणि उघडी राहिलेली बाटली वापरू नका. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर रंग उचलून येतो. सिलिकॉनचं डॉट ५ पाणी शोषत नाही, रंग खात नाही. जास्त वेळ उभ्या असणाऱ्या गाडीला काहींना ते आवडतं. पण ग्लायकॉलमध्ये मिसळू देऊ नका, आणि डॉट ५.१ म्हणजे डॉट ५ नव्हे, ते ग्लायकॉलच आहे.

हवा काढणं

आधी प्रत्येक चाकाचा अ‍ॅडजस्टर चाक जाम होईपर्यंत कसा, मग चाक जेमतेम मोकळं फिरेल इतका मागे घ्या. शू लांब असताना हवा काढत बसलात तर पेडल कधीच वर येणार नाही. मग मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. निपलवर पारदर्शक नळी, तिचं टोक थोडं ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत. मित्र पेडल दाबतो, "दाबलं" म्हणतो. तुम्ही निपल उघडता, बंद करता, "सोड" म्हणता. त्या क्रमाने. टाकी रिकामी होऊ दिली तर पहिल्यापासून. मास्टर सिलिंडर जुनाच असेल तर पेडल तळापर्यंत नेऊ नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात वॉशर जिथे पोचत नाही तिथे सिलिंडरला गंजाची कड असते, आणि तिच्यावरून एकदा गेलेला वॉशर फाटतो.

झालं की पेडल जोरात दाबून मिनिटभर धरा. मित्राला टॉर्च घेऊन प्रत्येक जोडाखाली पाहायला सांगा. एक थेंबही चालत नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकच सर्किट असतं, एक नळी फुटली की सगळे ब्रेक गेले. म्हणून हातब्रेक या गाड्यांत खरा दुसरा ब्रेक आहे, त्याची केबल आजच सोडवून, तेल देऊन, समायोजित करा.

पहिली फेरी

आधी मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने. हातब्रेकवर थांबते का ते पाहा. मग पायाने, तीस-चाळीसच्या वेगातून हळू, मग जरा जोरात. नवे लायनर ड्रमला बसेपर्यंत ब्रेक थोडे कमीच लागतात, आणि सलग कडक ब्रेक मारले तर लायनरवर चकाकी चढते. मध्ये गार होऊ द्या. वीस मिनिटांनी थांबून, ड्रमला न टेकवता, तळहात जवळ नेऊन ऊब पाहा. एका अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं सारखी गरम हवीत. एक गार असेल तर ते काम करत नाहीये, एक फारच तापलं असेल तर ते धरून बसलंय. पुन्हा तोच नट आणि तोच निपल.

घरी आल्यावर गाडी सपाट जमिनीवर उभी करून चारही उंच्या पुन्हा मोजा आणि पहिल्या आकड्यांशेजारी लिहा. किंगपिन बदलले असतील तर टो-इन (पुढची चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलेली आहेत ते) तपासून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी, खाली वाकून चारही चाकांच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. दीडशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा कसा, कारण नव्याने बसलेले पाटे थोडे दबतात आणि पहिला कस तेवढाच सैल होतो. त्याच वेळी अ‍ॅडजस्टर एक-दोन खटके पुढे घ्या.